छोट्या संगणकाचा वीजखर्च : प्रोसेसरची मर्यादा मुलांना कशी शिकवायची?



विज्ञान प्रदर्शनात, इन्स्पायर अवॉर्डच्या प्रकल्पांत आणि अटल टिंकरिंग लॅबमध्ये आता मुलं अर्डुइनो, ईएसपी३२, रास्पबेरी पाय असे बोर्ड सर्रास वापरतात. आपल्या नाशिककडच्या मुलांचे विषयही ओळखीचेच असतात. द्राक्षबागेतलं हवामान, कांद्याच्या चाळीतली आर्द्रता, गोदावरीच्या पाण्याची पातळी. प्रदर्शनाच्या टेबलावर हे प्रकल्प छान चालतात, कारण मागे भिंतीत प्लग असतो. तोच प्रकल्प बॅटरी लावून बागेत नेला की दुसऱ्या दिवशी बंद! मग "बॅटरी खराब निघाली" असं म्हणून विषय संपतो. खरं तर शिकण्यासारखा भाग तिथेच सुरू होतो.

आजच्या लेखात आपण प्रोसेसरच्या विजेच्या मर्यादा म्हणजे काय आणि त्या मर्यादेत काम कसं बसवायचं ते पाहणार आहोत. हा पाठ इयत्ता सहावी ते आठवीसाठी आहे. गुणाकार, भागाकार, वर्ग आणि सरासरी एवढं गणित येत असलं की पुरे.

एम्बेडेड संगणक म्हणजे काय?

एखाद्या यंत्राच्या पोटात बसवलेला आणि ठरलेलं एकच काम करणारा छोटा संगणक म्हणजे एम्बेडेड संगणक. वॉशिंग मशीन, घरातलं डिजिटल वीजमीटर, एसटी कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन, शेतातलं हवामान केंद्र या सगळ्यांत तो असतो. याला ना मोठा पंखा असतो, ना मोठी बॅटरी. बऱ्याचदा जवळ माणूसही नसतो. त्यामुळे मिळेल तेवढ्या विजेत त्याला स्वतःचा संसार चालवावा लागतो.

आधी दोन शब्द वेगळे करू : शक्ती आणि ऊर्जा

मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. शक्ती वॅटमध्ये मोजतात, ऊर्जा वॅट-तासात. लाइट बिलावर येणारं युनिट म्हणजे १००० वॅट-तास. फळ्यावर पाण्याची टाकी आणि नळ काढा. नळाची धार म्हणजे शक्ती, टाकीतलं पाणी म्हणजे ऊर्जा. टाकी भरलेली असूनही नळ बारीक असला तर बादली लवकर भरत नाही. आणि धार मोठी असली तरी टाकी छोटी असेल तर पाणी संध्याकाळपर्यंत पुरत नाही.

प्रोसेसरला अशा तीन मर्यादा असतात. मुलांच्या लक्षात राहावं म्हणून आपण त्यांना धार, टाकी आणि ताप म्हणू.

पहिली मर्यादा : धार

शेतातली पाण्याची मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. रोबोटच्या बाबतीत हेच घडतं. बोर्ड आणि चाकांची मोटार एकाच बॅटरीवर असतील, तर मोटार सुरू होताना एकदम जास्त विद्युतधारा ओढते, बॅटरीचं विभवांतर खाली येतं आणि बोर्ड रिसेट होतो. मुलांना वाटतं प्रोग्राम चुकला. ती तासभर प्रोग्राम तपासत बसतात आणि त्यात काही सापडत नाही.

हे रिसेट होणं ही सुरक्षेची सोय आहे. वीज अपुरी असताना प्रोसेसर अर्धवट चालू राहिला तर चुकीचं गणित करेल, साठवलेली माहिती बिघडवेल. म्हणून विभवांतर ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं की त्याला थांबवणारं मंडल आतच असतं. त्याला ब्राउनआउट डिटेक्टर म्हणतात. अर्डुइनो उनोमधल्या प्रोसेसरमध्ये ते आहे. रास्पबेरी पायच्या पडद्यावर कधीकधी विजेच्या ठिणगीचं चिन्ह दिसतं, तोही हाच इशारा. ५ व्होल्ट मिळायला हवेत, पण पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला आहे, असा त्याचा अर्थ. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक लांब वायर लावली की ही ठिणगी बहुतेक दिसतेच.

उपाय सोपे आहेत. मोटारीला वेगळी बॅटरी द्यावी, दोन्हींची ऋण तार मात्र एकत्र जोडावी. वायर जाड आणि आखूड घ्यावी. आणि प्रोग्राममध्ये दोन मोटारी, वाय-फाय आणि दिवा एकाच क्षणी सुरू न करता एकामागून एक सुरू करावेत.

दुसरी मर्यादा : ताप

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. ही उष्णता बाहेर जायला हवी. हवेचं तापमान, प्रोसेसरची शक्ती आणि डब्याची रचना यांवर आतलं तापमान ठरतं. वर्गासाठी सोपं उदाहरण घेऊ. समजा, एका डब्यात दर वॅटमागे प्रोसेसर हवेपेक्षा १० अंशांनी जास्त तापतो आणि प्रोसेसर ४ वॅट घेतो.

- डिसेंबरमधली दुपार, हवा २० अंश : २० + ४० = ६० अंश. ठीक आहे.
- एप्रिलमधली दुपार, हवा ४० अंश : ४० + ४० = ८० अंश. आता काठावर.
- उन्हात तापलेला पत्र्याचा डबा, आतली हवा ५० अंश : ५० + ४० = ९० अंश. आता नाही चालणार.

रास्पबेरी पाय ८० अंशांच्या आसपास पोहोचला की आपला वेग आपोआप कमी करायला लागतो. आपल्या उदाहरणातल्या तिसऱ्या डब्यात ८० च्या आत राहायचं असेल तर शक्ती ३ वॅटवर आणावी लागेल. हे गणित मुलं तोंडी करतात. डब्याला भोकं पाडली, सावलीत ठेवला, अॅल्युमिनियमची पट्टी लावली तर "दर वॅटमागे १० अंश" हा आकडा कमी होतो. म्हणजे तोच प्रोसेसर जास्त काम करू शकतो.

मग वेग कमी केल्याने वीज किती वाचते? इथे एक महत्त्वाचं सूत्र आहे. प्रोसेसरच्या कामाला लागणारी शक्ती ही विभवांतराच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असते. वारंवारता म्हणजे आपण ज्याला मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झ म्हणतो ती. वेग कमी केला की बऱ्याच प्रोसेसरना विभवांतरही कमी चालतं. समजा, वारंवारता निम्मी केली आणि विभवांतर १.२ वरून ०.९ व्होल्टवर आणलं.

०.९ ÷ १.२ = ०.७५
०.७५ × ०.७५ = ०.५६
०.५६ × ०.५ = ०.२८

म्हणजे वेग निम्मा, पण शक्ती फक्त २८ टक्के! कामाला वेळ दुप्पट लागला तरी त्या कामाची ऊर्जा ५६ टक्केच झाली. "वर्ग" शिकवताना याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. लॅपटॉप किंवा छोटा संगणक घेताना आपण गिगाहर्ट्झचा मोठा आकडा पाहतो. तो कमाल वेग असतो. कंपनीने त्या यंत्राला किती वॅटची मर्यादा घातली आहे, यावर तो वेग किती वेळ टिकेल हे ठरतं. काही सेकंद मर्यादेच्या वर जायची परवानगी असते, कारण तवा तापायलाही वेळ लागतो. नंतर प्रोसेसर ठरलेल्या वॅटवर परत येतो. त्यामुळे एकच प्रोसेसर पातळ, बिनपंख्याच्या यंत्रात हळू आणि जाड, पंख्याच्या यंत्रात जलद चालू शकतो.

तिसरी मर्यादा : टाकी

आता द्राक्षबागेत जाऊ. निफाड, दिंडोरी भागात ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर शेतकऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती अवकाळी पावसाची. पानांवर ओलावा टिकला की डावणी रोगाला वाव मिळतो. म्हणून पानांचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवणारी छोटी हवामान केंद्रं बागेत बसवतात. ती बॅटरी आणि सौर पट्टीवर चालतात.

यातला पेच मुलांना विचारा. ज्या दिवशी आभाळ भरून येतं, त्याच दिवशी माहितीची गरज सर्वांत जास्त असते. आणि त्याच दिवशी सौर पट्टी सर्वांत कमी वीज देते. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, द्राक्षांचं मोठं नुकसान झालं. अशा ढगाळ दिवसांत बागेतलं केंद्रच बंद पडलेलं असेल, तर आधीचे दोन महिने ते छान चाललं याचा शेतकऱ्याला काय उपयोग?

आता हिशोब करू. आकडे आपण वर्गासाठी धरलेले आहेत, पण खऱ्याच्या जवळचे आहेत. बॅटरीत वापरता येईल अशी १६०० मिलिअँपिअर-तास टाकी आहे आणि ऊन अजिबात नाही.

*प्रकार १, कधीच न झोपणारा बोर्ड.* सतत ८० मिलिअँपिअर. दिवसाला ८० × २४ = १९२०. टाकी १६०० चीच. म्हणजे बोर्ड २० तासांत बंद.

*प्रकार २, दर १५ मिनिटांनी उठून मोजणारा आणि पाठवणारा.* दिवसातून ९६ वेळा, प्रत्येक वेळी ६ सेकंद, तेव्हा सरासरी १२० मिलिअँपिअर. ९६ × ६ = ५७६ सेकंद, म्हणजे ०.१६ तास. ०.१६ × १२० = १९.२. झोपेत ०.०५ मिलिअँपिअर, त्याचे दिवसाला १.२. एकूण २०.४. टाकी पुरेल सुमारे ७८ दिवस.

*प्रकार ३, मोजायचं दर १५ मिनिटांनी, पाठवायचं तासातून एकदा.* मोजायला एकच सेकंद आणि २० मिलिअँपिअर लागतात, त्याचे दिवसाला साधारण ०.५. पाठवायचे २४ × ६ = १४४ सेकंद, म्हणजे ०.०४ तास. ०.०४ × १२० = ४.८. झोपेचे १.२. एकूण ६.५. टाकी पुरेल जवळपास २४६ दिवस.

प्रकार ३ मध्ये एकही नोंद कमी झाली नाही, हे मुलांना दाखवून द्या. मोजणं स्वस्त आहे, पाठवणं महाग आहे. रेडिओला लागणारी वीज सेन्सरच्या कितीतरी पट असते. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत साधारण १० मायक्रोअँपिअरवर राहते, पण वाय-फायने पाठवताना काही क्षण २०० मिलिअँपिअरच्या वर जाते. हा फरक वीस हजार पटींचा आहे.

आता एक गंमत. बऱ्याच बोर्डांवर "वीज चालू आहे" हे दाखवणारा छोटा दिवा असतो. तो २ मिलिअँपिअर घेतो असं धरू. दिवसाला २ × २४ = ४८! प्रकार २ च्या सगळ्या कामाला लागलेल्या विजेच्या दुपटीहून जास्त. तो दिवा तसाच ठेवला तर ७८ दिवसांचे २३ दिवस होतात. रात्रंदिवस जळणारा तो दिवा बागेत बघणार तरी कोण? म्हणूनच प्रोसेसरची मर्यादा पाळताना फक्त प्रोसेसरकडे पाहून चालत नाही, त्याच्या शेजाऱ्यांचा खर्चही मोजावा लागतो.

हळू चालायचं की पटकन आटोपून झोपायचं?

वर आपण म्हटलं, हळू चालल्याने ऊर्जा वाचते. मग नेहमी हळूच चालावं का? तसं नाही. अभ्यास रेंगाळला तर दिवाही तेवढाच वेळ जळत राहतो. प्रोसेसर हळू काम करत असताना रेडिओ, सेन्सर किंवा पडदा चालू राहणार असेल, तर काम पटकन संपवून सगळ्यांनी मिळून झोपणं स्वस्त पडतं. ईएसपी३२ चा वेग २४० मेगाहर्ट्झवरून ८० वर आणता येतो. दोन्ही वेगांनी तेच काम करून बघावं, वेळ आणि विद्युतधारा यांचा गुणाकार करावा आणि मग ठरवावं. अंदाजापेक्षा मोजमाप बरं, ही सवय इथे लागते.

झोपलेल्याला उठवायचं कसं? एक म्हणजे आतल्या घड्याळाने, ठरलेल्या वेळी. दुसरं म्हणजे बाहेरच्या तारेने, दाराची बेल वाजवावी तसं. पर्जन्यमापकात झोक्यासारखं छोटं भांडं असतं. ते पावसाच्या पाण्याने भरलं की कलंडतं, त्यावरच्या चुंबकामुळे स्विच लागतो आणि प्रोसेसर जागा होतो. पाऊस नसेल तर प्रोसेसर निवांत झोपतो, आणि पाऊस आला की तासाची वाट न पाहता लगेच संदेश पाठवतो.

पुण्याच्या विद्यार्थ्यांचा उपग्रह

पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी "स्वयम्" नावाचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने श्रीहरिकोटाहून तो सोडला. त्या उड्डाणात एकूण २० उपग्रह होते. स्वयम् सुमारे १ किलोचा, १० सेंटिमीटर बाजूचा घन. छोटे संदेश पोहोचवणं हे त्याचं काम होतं.

त्याची वीज किती असेल याचा अंदाज मुलांना काढू द्या. अवकाशात एका चौरस मीटरवर साधारण १३६० वॅट ऊन पडतं. १० सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे ०.०१ चौरस मीटर. त्यावर १३.६ वॅट. चांगल्या सौर पट्टीने त्याचा पाव भाग किंवा थोडा जास्त विजेत बदलला तर एका बाजूकडून ३ ते ४ वॅट. घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो! शिवाय असा उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतो आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा पृथ्वीच्या सावलीत जातो.

एवढ्याशा विजेत उपग्रहाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी फिरती चाकं बसवली असती तर त्यांनाही वीज लागली असती. विद्यार्थ्यांनी चुंबकाचा उपयोग केला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळते, तसा हा उपग्रह जुळत असे, आणि त्याला वीज लागत नसे. विजेच्या कोड्याचं उत्तर इथे सहावीच्या मुलालाही माहीत असलेल्या चुंबकात सापडलं. हे मुलांना जरूर सांगा.

चांद्रयान-३ चं उदाहरणही जोडता येईल. चंद्रावर रात्र व्हायच्या आधी इस्रोने २ सप्टेंबर २०२३ ला प्रज्ञान रोव्हर आणि ४ सप्टेंबरला विक्रम लँडर झोपवले होते. ते पुन्हा जागे झाले नाहीत, पण ठरवलेलं काम त्यांनी ऊन असतानाच पुरं करून घेतलं होतं.

वर्गातला खेळ : साठ चिंचोके

यासाठी बोर्ड लागत नाही, लॅब लागत नाही. चार-पाच मुलांचा गट म्हणजे एक हवामान केंद्र. प्रत्येक गटाला ६० चिंचोके द्या, ही त्यांची बॅटरी. शिक्षक "पहिला तास, दुसरा तास" असं २४ पर्यंत मोजतील. नियम असे :

१. जागं राहिल्यास त्या तासाचे ५ चिंचोके जातील, झोपल्यास १ जाईल.
२. संदेश पाठवल्यास आणखी ३ जातील.
३. शिक्षक मधूनच "पाऊस!" असं कार्ड दाखवतील. त्या तासाला संदेश पाठवणाऱ्या गटाला १० गुण.
४. दर चार तासांनी नेहमीचा संदेश पाठवल्यास प्रत्येकी २ गुण.

पावसाची दोन-तीन कार्डं अठराव्या तासानंतर ठेवा. काय होतं ते पाहा. सतत जागा असलेला गट बाराव्या तासाला संपतो. झोपून पण दर तासाला संदेश पाठवणारा पंधराव्या तासाला संपतो. दर चार तासांनीच पाठवणाऱ्या गटाचे २४ + १८ = ४२ चिंचोके खर्च होतात, हातात १८ उरतात, म्हणजे पावसाचे ६ संदेश पाठवता येतात. एखादा हुशार गट मात्र काहीच न पाठवता झोपून राहतो. त्यांच्याकडे सर्वांत जास्त चिंचोके उरतात आणि गुण शून्य!

खेळ संपल्यावर याच गटावर चर्चा घ्या. वीज वाचवायची ती कशासाठी? टाकी भरलेली दाखवायला नाही, पाऊस आला त्या क्षणी संदेश जावा म्हणून. या पाठातून मुलांनी एवढं जरी नेलं तरी खूप झालं.

स्वाध्याय

१. घरातल्या पाच वस्तूंमध्ये एम्बेडेड संगणक शोधा. त्या झोपतात का? कशाने उठतात?
२. प्रकार २ मध्ये दर १५ ऐवजी दर ३० मिनिटांनी उठल्यास टाकी किती दिवस पुरेल?
३. विभवांतर १.० वरून ०.८ व्होल्ट केलं, वारंवारता तीच ठेवली, तर शक्ती किती टक्के राहील?
४. तुमच्या प्रकल्पातली कोणती गोष्ट बंद केली तर कुणाचंच काही अडणार नाही?

चौथा प्रश्न प्रदर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक गटाला विचारा. आणि प्रकल्प परीक्षकांना दाखवण्याआधी तीन दिवस, प्लग काढून, शाळेच्या मैदानात चालवून बघायला सांगा. तीन दिवस टिकला तर मुलांना प्रोसेसर कळला. नाही टिकला, तर कागद-पेन्सिल घेऊन धार, टाकी आणि ताप यांपैकी काय कमी पडलं ते शोधायला बसवा.

आपल्या शाळेत हा खेळ घेतलात तर मुलांनी कोणत्या युक्त्या काढल्या ते जरूर कळवा.